३० तासांचं घर: जर्मनीतल्या एका ओ-पेअर मुलीचं प्रकरण

हे प्रकरण कराडकडच्या एका मुलीचं आहे. वय तेव्हा २२, बी.कॉम. झालेली, वडील पतसंस्थेत क्लार्क, आई घरीच, धाकटा भाऊ बारावीला. माझ्याकडे जर्मनची ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिली, लेव्हल केली, परीक्षा पास झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ओ-पेअर म्हणून स्टुटगार्टजवळच्या एका गावात एका कुटुंबाकडे वर्षभर राहायला गेली. तिला विचारूनच लिहितेय, नावं आणि गाव मुद्दाम टाळलंय. जर्मन शिकवते त्यामुळे अशा मुलींचे फोन मला येतच असतात, पण हे प्रकरण नीट मांडावंसं वाटलं कारण यात वाईट असं कुणीच नव्हतं, घर चांगलं, मुलं गोड, मुलगी कामसू, आणि तरीही डिसेंबरात ही पोरगी बॅग भरून निघायच्या बेतात होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं नियमांचं. ओ-पेअर म्हणजे तुम्ही एका जर्मन बोलणाऱ्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायला आणि हलक्या घरकामाला मदत करायची, बदल्यात स्वतंत्र खोली, जेवण, विमा आणि महिन्याला खर्चाला पैसे. जर्मनीत तेव्हा हे पैसे २८० यूरो होते, म्हणजे साधारण पंचवीस हजार रुपये, शिवाय भाषेच्या क्लाससाठी महिन्याला ७० यूरोपर्यंत कुटुंबाने द्यायचे. काम आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, दिवसाला ६ च्या वर सहसा नाही, आठवड्यात दीड दिवस सुट्टी, वर्षभर राहिलात तर चार आठवडे रजा. रात्री मुलांजवळ थांबायला सांगितलं तर तेही या तासांतच धरायचं. अर्ज करताना वय २७ च्या आत पाहिजे, जर्मन निदान ए-वन पाहिजे आणि हे आयुष्यात एकदाच करता येतं. आमच्याकडच्या मध्यमवर्गीय घरांना हा रस्ता का परवडतो तर विद्यार्थी व्हिसाला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, तेव्हा वर्षाचे ११,९०४ यूरो दाखवावे लागायचे, म्हणजे दहा-अकरा लाख, ते इथे लागत नाहीत. विमानाचं तिकीट काढलं की झालं.

आता ही नोकरी धरली जात नाही, त्यामुळे पगार नाही, किमान वेतनाचा कायदा लागू नाही. नातेवाईक विचारतात "पगार किती?" आणि २८० ऐकून तोंड वाकडं करतात, पण मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. नोकरीत जास्त थांबलं तर ओव्हरटाइमचे पैसे तरी मागता येतात, इथे पैसा ठरलेलाच असतो त्यामुळे मुलीच्या हातात मोजायला फक्त तासच उरतात. ते सुटले की सगळंच सुटलं.

कुटुंब असं होतं: वडील गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, आई फिजिओथेरपिस्ट, मोठा मुलगा सहा वर्षांचा आणि नुकताच पहिलीत गेलेला, धाकटी तीन वर्षांची, ती किटाला जायची, किटा म्हणजे तिकडची बालवाडी आणि पाळणाघर एकत्र. आई इतकी वर्षं अर्धवेळ काम करत होती, आता ८० टक्के वेळेवर परत जाणार होती म्हणूनच ओ-पेअर बोलावली. सहा बिऱ्हाडांची इमारत, त्यात तिसऱ्या मजल्यावरचा मोठा फ्लॅट, मुलीला स्वतःची खोली, खिडकीतून सफरचंदाची झाडं दिसतात असा फोटो तिने पहिल्याच दिवशी पाठवला होता. एअरपोर्टवर मुलांनी रंगवलेला बोर्ड घेऊन सगळे उभे, पहिल्या आठवड्यात होस्ट आई स्वतः तिला घेऊन पत्ता नोंदवायला नगरपालिकेत गेली (तिथे राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नाव नोंदवावं लागतं), बँकेत खातं उघडून दिलं, क्लासला जायला ट्रेनचा मंथली पास काढून दिला. हे सगळं मी सांगतेय कारण पुढचं वाचताना या लोकांबद्दल चुकीचं मत होऊ नये.

ठरलेला दिवस असा. सकाळी पावणेसातला उठलेल्या मुलांना कपडे घालायला मदत, दोघांचे डबे भरायचे. तिकडचा डबा म्हणजे ब्रेडचे दोन तुकडे चीज लावून, काकडीचे काप, सफरचंदाच्या फोडी, कधी ब्रेत्सेल म्हणजे गाठीसारखा वळलेला खारा पाव, तिला पहिले काही दिवस हे डबा म्हणून कमीच वाटायचं आणि ती चुपचाप दोन फोडी जास्त घालायची, त्या संध्याकाळी तशाच परत यायच्या. आठला आई-वडील मुलांना सोडून कामाला. मग दुपारी दोनपर्यंत ही मोकळी. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी जवळच्या शहरात फोल्क्सहोखशूलेत क्लास, ही तिकडची गावोगावची स्वस्त शिकवणी, नऊ ते सव्वाबारा. दोनला मोठ्याला शाळेतून आणायचं, साडेतीनला धाकटीला, मग पाऊस असो थंडी असो मैदानावर, कारण तिकडे पावसाचं कारण चालत नाही, मुलांना रबरी डांगरी आणि गमबूट चढवून चिखलात सोडतात. सहाला जेवण, साडेसहाला आई-वडिलांपैकी कुणीतरी मुलांना ताब्यात घेणार. म्हणजे सकाळी सव्वा तास, दुपारी साडेचार, पाच दिवसांचे पावणेएकोणतीस. कागदावर एकदम व्यवस्थित.

जेवणाचं तिला जड गेलं, ते सगळ्यांनाच जातं. संध्याकाळी गार जेवण, ब्रेड, लोणी, चीज, मुळ्याचे काप, लोणच्यातल्या काकड्या. ती अंडं खाते पण मटण-मासे नाही, त्यामुळे सॉसेज, हॅम बाद. ऑक्टोबरच्या गारठ्यात पोटात गरम काही न जाता झोपायचं हे आपल्याकडच्या पोरीला जेवल्यासारखं वाटतच नाही. त्या भागात एक पदार्थ असतो, लिन्झन मिट श्पेट्झले, मसुराची दाट आंबटसर डाळ आणि अंड्याच्या पिठाच्या शेवयांसारख्या लड्या, वरती सॉसेज असतं ते काढून टाकलं की आमटीच्या जवळ जातं. पहिल्यांदा तो केला तेव्हा होस्ट वडिलांनी विचारलं अजून घेणार का, ही नको म्हणाली कारण पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं, आणि भांडं पुढे गेलं. परत कुणी विचारलं नाही. रात्री तिने खोलीत भडंग खाल्लं, आईने बांधून दिलेलं.

हा भांड्याचा किस्सा छोटा आहे पण सगळं प्रकरण पुढे याच रस्त्याने गेलं म्हणून सांगितला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात किटाकडून पत्र आलं. दोन शिक्षिका आजारी, एक नोकरी सोडून गेलेली, त्यामुळे पुढची सूचना येईपर्यंत सोमवार, मंगळवार आणि गुरुवार किटा साडेबाराला बंद. जर्मनीत बालवाडीच्या शिक्षकांचा तुटवडा खूप आहे, असं वेळ कमी करणं तिकडच्या पालकांच्या रोजच्या बोलण्यातला विषय आहे, यात या कुटुंबाचा काही दोष नाही. पण साडेबाराला धाकटीला घ्यायला कोण जाणार? आई पेशंटमध्ये, वडील ऑफिसात. होस्ट आईने व्हॉट्सॲपवर लिहिलं, तुला जमेल का, नाही जमलं तर सांग, आम्ही दुसरं काही बघतो. मुलीने उत्तर दिलं, हो, काही प्रॉब्लेम नाही.

आता इथे थांबून बघायला पाहिजे. होस्ट आईने खरोखरचा प्रश्न विचारला होता. तिच्या डोक्यात दुसरा पर्याय तयार होता, आजी हाइलब्रोनला राहते, ती आठवड्यातून एक दिवस आली असती, शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलीला तासाचे पैसे देऊन बोलावता आलं असतं. समोरून हो आलं म्हणून तिने ते पर्याय सोडून दिले. आपल्या मुलीने मात्र ते वाचलं घरातल्या मोठ्या बाईने सांगितलेलं काम म्हणून. तुला जमेल का असं मामी विचारते तेव्हा कोण नाही म्हणतं? ती मला नंतर म्हणाली, "मॅडम, त्यांनी इतकं केलंय माझ्यासाठी, मी दोन तासांसाठी कसं नाही म्हणू."

मंगळवार-गुरुवारचा क्लास सव्वाबाराला सुटायचा, शहरातून परत यायला वीस मिनिटं ट्रेन आणि मग चालत, साडेबाराला किटाला पोचणं शक्यच नव्हतं. म्हणून ती आधी अर्धा तास लवकर निघायला लागली, मग एक दिवस जायचं बंद, मग क्लासच बंद. घरी तिने सांगितलं नाही की क्लास सुटला. होस्ट आईला वाटलं हिचे दुपारचे दोन तास रिकामेच होते.

आणि एक गोष्ट गेली जी नियमांत कुठेच लिहिलेली नसते. घरी फोन करायची वेळ. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तिची दुपारची एक ते दोन ही वेळ म्हणजे कराडला संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, आईचा चहा झालेला, वडील येताहेत, भाऊ घरात. तिचं काम संपेपर्यंत साडेसहा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अकरा, वडील झोपलेले. किटा साडेबाराला बंद झाल्यावर निम्म्याहून जास्त दिवस तो फोन बंद पडला, आणि जो व्हायचा तो मैदानावर उभं राहून, धाकटी झोपाळ्यावर, एक कान तिकडे. आईला एवढंच कळायचं की पोरगी घाईत असते.

नोव्हेंबरात मुलं आजारी पडायला लागली. पहिलीतला मुलगा शाळेतून सर्दी आणणार, धाकटीला देणार, धाकटीला ताप. त्या किटाचा नियम की ताप उतरून २४ तास झाल्याशिवाय आणायचं नाही. मग पूर्ण दिवस मूल घरी आणि घरात मोकळी कोण, तर ओ-पेअर. जर्मनीत सरकारी आरोग्य विमा असलेल्या आई-वडिलांना मूल आजारी असेल तर रजा मिळते, २०२४ आणि २०२५ या वर्षांसाठी प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला १५ दिवस, दोन मुलं म्हणजे दोघांची मिळून ६० दिवस. या कुटुंबाने त्या नोव्हेंबरात त्यातला एकही दिवस घेतला नव्हता. इथे मात्र मी होस्ट कुटुंबाची बाजू घेणार नाही. भाषेची अडचण, पद्धतीचा फरक हे सगळं मान्य, पण ३० तासांच्या कागदावर त्यांनी सही केली होती, नियम त्यांच्या देशाचा, भाषा त्यांची, आणि तापाने फणफणलेल्या तीन वर्षांच्या पोरीजवळ दिवसभर एकटीने बसायला लावणं हे हलक्या मदतीत बसत नाही. मूल सारखं रडतंय, जर्मनमध्ये काय दुखतंय ते सांगतंय आणि हिला अर्धंच कळतंय, हिला स्वतःला किती भीती वाटली असेल.

याच दिवसांत छान गोष्टीही होत होत्या, त्या सोडल्या तर चित्र खोटं होईल. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनची कंदील फेरी असते, मुलं स्वतः केलेले कागदी कंदील काठीला लावून अंधारात गाणी म्हणत फिरतात, हिने दोघांना आपल्या आकाशकंदिलासारखा पाकळ्यांचा कंदील शिकवला आणि किटातल्या बायका बघत राहिल्या. ६ डिसेंबरच्या आदल्या रात्री मुलांनी बूट घासून दाराबाहेर ठेवले तेव्हा तिसरा जोड हिचा होता, सकाळी त्यात चॉकलेट, संत्रं आणि लोकरीचे मोजे. धाकटी रात्री झोपताना हिचाच हात धरून झोपायची. आणि म्हणूनच बोलणं जास्त अवघड झालं होतं. जिथे बुटात मोजे मिळतात तिथे तास कसे मोजायचे?

तिच्या घरून तर उलटंच बळ मिळत होतं. आई म्हणायची, "अगं घरातलीच समज, कुरकुर करू नकोस, लोकांच्या घरात राहायचं म्हणजे चार कामं जास्त करावीच लागतात." होस्ट आईही पहिल्या दिवशी हेच म्हणाली होती, तू आमच्या घरातलीच आहेस. दोघींनीही मनापासून म्हटलं होतं. पण दोन्हीकडून एकच वाक्य आल्यावर मुलीला तक्रारीला जागाच उरली नाही, कारण घरातली मुलगी तास मोजत नाही, आणि तीच जर घरातली नसेल तर मग ती कोण? माझं याबाबतीत ठाम मत झालंय. तास कागदावर आणि बोलण्यात असले तरच ती माया माया राहते, नाहीतर मुलीला प्रत्येक प्रेमाच्या गोष्टीमागे काम दिसायला लागतं. हिलाही दिसायला लागलं होतं, मोजे मिळाले त्याच संध्याकाळी तिने मला लिहिलं की शनिवारी रात्री परत त्यांना बाहेर जायचंय म्हणून असेल.

मग केरवोखे आला. स्टुटगार्टकडच्या श्वाबियन भागातली ही जुनी पद्धत, इमारतीतली बिऱ्हाडं आळीपाळीने आठवडा वाटून घेतात, ज्याचा आठवडा त्याच्या दाराला पाटी लटकते, आणि त्याने जिना झाडायचा-पुसायचा, समोरचा फुटपाथ साफ ठेवायचा, बर्फ पडला तर सकाळी लवकर वाट मोकळी करायची. शेजारी बघत असतात, या गोष्टीला तिकडे फार मान आहे. डिसेंबरच्या मध्यावर पाटी यांच्या दाराला आली, धाकटी परत तापाने आडवी, होस्ट वडील कामासाठी बाहेरगावी, रात्री बर्फ पडला आणि आदल्या संध्याकाळी होस्ट आई सहज म्हणून गेली की सकाळी मी लवकर निघतेय, बर्फाचं बघशील का. ही पहाटे सहाला फावडं घेऊन खाली. मग दिवसभर आजारी मूल. शनिवारी जिना पुसला. शनिवारी रात्री होस्ट आई-वडील कंपनीच्या ख्रिसमस जेवणाला, ही साडेअकरापर्यंत जागी.

रविवारी ती खोलीतून बाहेर आली नाही. नाश्त्याला नाही, जेवायला नाही. होस्ट आईने दार वाजवलं तर म्हणाली डोकं दुखतंय. तिकडे बंद दाराचा मान ठेवतात, त्यामुळे परत कुणी वाजवलं नाही, दाराबाहेर चहा ठेवला एवढंच. आपल्याकडे आईने दार ढकलून आत येऊन कपाळाला हात लावला असता. ती आत वाट बघत होती की कुणीतरी येईल आणि बाहेर सगळे समजत होते हिला एकटं राहायचंय. रात्री तिचा मला मेसेज, "मॅडम मला घर बदलायचंय. यांना न सांगता बदलता येतं का?"

न सांगता येत नाही. करारात बहुतेक वेळा दोन आठवड्यांची नोटीस असते, नवं कुटुंब शोधायचं, नवा करार, आणि परदेशी नागरिकांच्या ऑफिसला कळवावं लागतं कारण परवाना त्या कुटुंबाशी बांधलेला असतो. डिसेंबरच्या मध्यावर दोन आठवड्यांत चांगलं घर मिळणं कठीण, नाही मिळालं तर परत यायचं, आणि ओ-पेअर परत कधी करता येत नाही. मारहाण, छळ, पासपोर्ट काढून घेणं, खोलीला कुलूप, उपाशी ठेवणं असलं काही असेल तर त्याच रात्री निघायचं, तिथे विचार करायचा नाही. तिकडे चर्चशी जोडलेल्या इन व्हियासारख्या संस्था ओ-पेअर मुलींना सल्ला देतात, एजन्सीमार्फत गेलेली असेल तर एजन्सीनेही मदत करायची असते. पण इथे तसलं काही नव्हतं. मी तिला म्हटलं आधी दोन आठवड्यांचे तास लिहून काढ, मेसेज बघ, तारखा बघ, अंदाजाने नको. तिने काढले. एक आठवडा ४१ तास, त्याच्या आधीचा ३८. तिलाच धक्का बसला. तिला वाटत होतं आपण नाजूक आहोत, आपल्याला झेपत नाही.

मग आम्ही फोनवर वाक्यं बसवली. ए-वनच्या मुलीला भावना बोलता येत नाहीत, दुकानात टोमॅटो मागता येतात, म्हणून वाक्यं छोटी आणि सरळ. इश म्योश्टं यूबर माइनं आर्बाइट्सत्साइट श्प्रेशन, मला माझ्या कामाच्या वेळेबद्दल बोलायचंय. मग तासांचा कागद पुढे ठेवायचा. मग तीन गोष्टी मागायच्या: क्लास परत सुरू, आजारी मूल पूर्ण दिवस एकटीवर नको, आणि जिना-बर्फ माझ्याकडे नको. रडू आलं तरी चालेल, कागद बोलतो. रविवारी दुपारी तिकडे कॉफी आणि केकला सगळे बसतात, ती वेळ निवडली, मुलं कार्टून बघायला बसल्यावर.

होस्ट वडिलांनी कागद दोनदा वाचला आणि गप्प झाले. होस्ट आई आधी दुखावली. "तू कधी बोललीच नाहीस, मी प्रत्येक वेळी विचारलं होतं," आणि तिचं खरं होतं, प्रत्येक मेसेज फोनमध्ये होता. मुलीने तयार केलेलं नसलेलं एक वाक्य म्हटलं, की माझ्या घरी मोठ्यांना नाही म्हणत नाहीत. त्यावर होस्ट आई बराच वेळ काही बोलली नाही, मग उठून पेन घेऊन आली आणि कागदाच्या मागच्या बाजूला आठवड्याचे रकाने आखायला लागली.

जानेवारीपासून फ्रिजवर वोखनप्लान, आठवड्याचा तक्ता. कोण कधी, तिचे तास शेवटच्या रकान्यात बेरीज करून, दर रविवारी दहा मिनिटं बसून पुढचा आठवडा भरायचा. जास्त झाले तर पुढच्या आठवड्यात तेवढे कमी. वडिलांनी गुरुवारी घरून काम घेतलं, आजी मंगळवारी यायला लागली, आजारपणाच्या रजा दोघांनी वाटून घेतल्या, केरवोखेची पाटी आली की वडील झाडू घेणार. फेब्रुवारीत नवीन सत्र सुरू झालं तेव्हा क्लास परत, या वेळी संध्याकाळचा, कारण किटाचा भरवसा नव्हता. बुधवारी रात्री घरात गरम जेवण, ही करणार. मुगाची खिचडी, कढी, कधी श्पेट्झलेलाच जिरं-कढीपत्त्याची फोडणी, जी म्हणे वडिलांना फार आवडली, मुलं मात्र पांढरा भातच खातात. आता बुधवारचा स्वयंपाक तासांत धरायचा का यावर मात्र चर्चा झाली, होस्ट आईचं म्हणणं तो तुझ्या आवडीचा आहे, हिचं म्हणणं सगळ्यांसाठी आहे. शेवटी धरला. बरोबरच केलं, घरच्या पाच जणांचं जेवण म्हणजे काम, त्यात करणारीला आनंद मिळाला म्हणून ते काम नाही असं होत नाही.

फेब्रुवारीत सगळे आठवडाभर आल्गॉयच्या डोंगरात स्कीइंगला गेले, तिकडे परत तेच, हिला वाटलं सुट्टी आणि दिवसभर मुलं हिच्याकडे. पण या वेळी तिने दुसऱ्याच संध्याकाळी विचारलं की हा आठवडा रजेत धरणार की कामात. कामात धरला, अर्धे दिवस मोकळे दिले. नियमही तोच आहे, कुटुंबासोबत फिरायला नेलं पण काम करावं लागलं तर ती रजा नाही.

कराडला हा तक्ता अजिबात आवडला नाही. तिने फ्रिजचा फोटो पाठवला तर वडिलांचा मला फोन, "मॅडम, हे काय, मोलकरणीसारखं वेळापत्रक लावलंय पोरीला भिंतीवर." मी त्यांना विचारलं, तुमच्या पतसंस्थेत मस्टर असतं ना, त्यात तुमचा अपमान होतो का. ते म्हणाले घर वेगळं, ऑफिस वेगळं. मी म्हटलं तक्त्यात होस्ट वडिलांचंही नाव आहे, आजीचंही आहे, नीट बघा, गुरुवारी त्यांच्या रकान्यात कपडे वाळत घालणं लिहिलंय. ते काही पूर्ण पटले नाहीत. मला त्यांचं दुःख कळतं, मुलगी परक्या देशात दुसऱ्यांची मुलं सांभाळते हेच त्यांना गावात सांगायला जड जात होतं, आणि तक्त्याने ते उघडं दिसलं. पण तक्त्यामुळेच एक ते दोनचा फोन परत सुरू झाला होता, हे मात्र त्यांनी स्वतःच शेवटी सांगितलं.

सगळं काही भरून निघालं नाही. होस्ट आई काही आठवडे जरा जपून वागायची, प्रत्येक छोट्या गोष्टीला "हे तासांत धरू का" विचारायची आणि मुलीला ते टोचायचं. वसंतात हळूहळू सैल झालं. ऑक्टोबर ते जानेवारीचा बुडालेला क्लास मात्र परत मिळाला नाही, तिला नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे तिकडच्या कामासोबतच्या प्रशिक्षणाला, २०२५ च्या शरदात लागायचं होतं, त्या संस्थेने बी-टू लेव्हल मागितली आणि जुलैत हिचं कसंबसं त्याच्या एक पायरी खालचं बी-वन झालं. मग एक वर्ष वृद्धाश्रमात स्वयंसेवेचं काम घेतलं, एफएसजे म्हणतात त्याला, तिथे राहून बी-टू करतेय. म्हणजे अडीच-तीन महिन्यांच्या गप्प राहण्याची किंमत एक पूर्ण वर्ष.

यावर तिचं आणि माझं अजून एकमत नाही. माझं म्हणणं, किटाचं पत्र आलं त्याच आठवड्यात बोलली असती तर क्लास वाचला असता, डिसेंबर झालाच नसता. ती म्हणते, "मॅडम, ऑक्टोबरात मला तिथे येऊन महिना झाला होता, मला किराणा आणता येत होता, भांडता येत नव्हतं. आणि तासांची वही मी आधीपासून ठेवली असती तर मला स्वतःलाच चोरटं वाटलं असतं." तिचा पहिला मुद्दा मी मान्य केला. ए-वनच्या पुस्तकात खरेदी असते, कुटुंब असतं, घड्याळ असतं, पण आज मला जमणार नाही, माझे तास पूर्ण झालेत, मला क्लासला जायचंय अशी वाक्यं एका जागी कुठे नसतात. आता ओ-पेअरला जाणाऱ्या मुलींना मी ती खरेदीच्या धड्याआधी घेते, आणि करारावर सही व्हायच्या आधी होस्ट कुटुंबासोबतच्या व्हिडिओ कॉलवर मुलीने स्वतः तीन प्रश्न विचारायचे: मूल आजारी पडलं तर घरी कोण थांबणार, किटा अचानक बंद झाली तर दुसरी सोय काय, आणि क्लासचे तास कोणते. मागच्या बॅचमधल्या एका कुटुंबाने तिसऱ्या प्रश्नाला क्लासचं नंतर बघू म्हटलं. त्या मुलीने तिथे नाही म्हटलं, तिच्या आईला ते आवडलेलं नाही, दुसरं घर अजून शोधतोय.